टेबल डॉट इंडेक्सेस आणि सर्व्हरवाले काका

लॅपटॉपवर सगळं चालतं, आणि गोची तिथेच सुरू होते. कारण आम्ही लिहितो जावाचं ॲप, ते चालवायला लॅपटॉपवर असतो टॉमकॅट नावाचा छोटा सर्व्हर, आणि टॉमकॅट बिचारा परसिस्टन्स-बिरसिस्टन्सच्या (म्हणजे डेटाबेसमध्ये माहिती साठवायच्या) भानगडीत पडतच नाही, त्याच्याकडे स्वतःची जेपीएची, म्हणजे त्यासाठीच्या जावाच्या नियमांची, जारच (तयार कोडचं गाठोडं) नसते. तुम्ही वॉरच्या (म्हणजे अख्ख्या ॲपच्या गाठोड्याच्या) लिब फोल्डरमध्ये जे काय कोंबाल ते तो मुकाट्याने घेतो. मग तेच वॉर घेऊन तुम्ही क्लायंटच्या भारदस्त ॲप्लिकेशन सर्व्हरवर जाता (कुठला ते विचारू नका, आमची बिलं अजून पास व्हायचीत), तो सर्व्हर दहा मिनिटं घरघर करतो आणि शेवटी लॉगमध्ये एक ओळ टाकतो. नोसचमेथडएरर, जावाएक्स डॉट परसिस्टन्स डॉट टेबल डॉट इंडेक्सेस. म्हणजे टेबलमध्ये इंडेक्सेस नावाची मेथडच सापडत नाही.

आता आमच्या अख्ख्या प्रोजेक्टमध्ये इंडेक्सेस असं कोणीही कुठेही लिहिलेलं नाही. ग्रेप मारून (सगळ्या फाइलींत शब्द शोधून) बघितलं, टीम लीडने परत मारून बघितलं, कारण लीडचा माझ्या ग्रेपवर विश्वास नाही. लिहिलेलंच नाही तर मागतंय कोण? तर मागतंय हायबरनेट, म्हणजे आमच्यासाठी डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी. हायबरनेट 4.3 पासून पुढे जेपीए 2.1 च्या हिशोबाने चालतं, हे 2.1 आलं 2013 साली, आणि त्यात @टेबलला इंडेक्सेस नावाची नवीन सोय झाली. सर्व्हरच्या पोटात बसलेला जेपीएचा एपीआय (तीच नियमांची जार) मात्र 2.0, म्हणजे 2009 च्या डिसेंबरातला. हायबरनेट प्रत्येक टेबलला जाऊन विचारतं की बाई तुझे इंडेक्सेस दाखव, आणि ती 2009 ची बाई म्हणते कसले इंडेक्सेस, आमच्या वेळेला नव्हतं असलं काही. संपलं.

आमच्याआधीच्या पिढीने हेच जेपीएच्या 1.0 आणि 2.0 च्या मध्ये भोगलंय, तेव्हा एरर यायची वनटूमेनी डॉट ऑर्फनरिमूव्हलची. जुनी माणसं ही एरर कुठल्या तरी लढाईत मार खाल्ल्यासारखी सांगतात.

बरं, आमच्या वॉरमध्ये 2.1 ची जार नव्हती का? होती! व्यवस्थित होती. पण बऱ्याच मोठ्या सर्व्हरांवर पद्धत अशी की क्लास, म्हणजे कोडचा एखादा तुकडा, पाहिजे असला की क्लासलोडर, म्हणजे तो आणून देणारा, आधी वरच्या लोडरला विचारतो, वरचा त्याच्या वरच्याला, आणि वर कोणाकडेच नसेल तरच तुमच्या लिबमध्ये डोकावायचं. कोणी उठून जावाच्या मूळ स्ट्रिंग क्लासच्या जागी स्वतःचा आणून बसवू नये म्हणून मुळात ही सोय आहे, चांगलीच आहे, पण आमची 2.1 ची जार तिथे नवी साडी नेसून दारात उभी आणि आतून 2009 चीच येऊन बसलेली. कोणाचंच कोड चुकलेलं नाही, सगळ्या जार आपापल्या जागी खऱ्या, आणि ॲप बंद.

लीड म्हणाला डिपेंडन्सी ट्री काढ, म्हणजे कुठली लायब्ररी कोणामागून आली त्याचं झाड. ज्यांनी मेव्हनचा (हा लायब्रऱ्या गोळा करून आणतो) ट्री कधी वाचलेला नाही त्यांनी वाचू नये, त्यात झोप पण येत नाही आणि जागं पण राहवत नाही. एकच लायब्ररी दोन व्हर्जनमध्ये आली की मेव्हन नवीन व्हर्जन घेत नाही, जवळचं घेतो, म्हणजे झाडात जे वरच्या फांदीवर असेल ते, आणि दोन्ही सारख्याच अंतरावर असतील तर पॉममध्ये, म्हणजे मेव्हनला दिलेल्या यादीत, जे आधी लिहिलंय ते. एवढं तरी ठीक. पण ह्या जेपीएच्या एपीआयची तऱ्हा अजून वेगळी. हायबरनेटवाल्यांनी जारच्या नावातच व्हर्जन घातलंय, हायबरनेट-जेपीए-2.0-एपीआय आणि हायबरनेट-जेपीए-2.1-एपीआय, त्यामुळे मेव्हनला वाटतं ह्या दोन वेगळ्याच वस्तू आहेत आणि तो दोन्ही आणतो. शिवाय हायबरनेटसारख्याच एक्लिप्सलिंकवाल्यांची तीच वस्तू वेगळ्या नावाने, ती पण आली कुठल्या तरी रिपोर्टिंगच्या लायब्ररीमागून. आणि ह्या सगळ्याच्या तळाशी जावा ईई 6 चा (जावाच्या सर्व्हरवाल्या नियमांचा संच, जेपीए त्यातलंच) तो प्रसिद्ध एपीआय जार, ज्यातल्या मेथडच्या आतलं सगळं काढून टाकलेलं असतं, फक्त कंपाइल करायला. रन करायला गेलं की तो म्हणतो ॲबसेंट कोड ॲट्रिब्यूट. म्हणजे मेथड आहे, आत काहीच नाही. हा जार ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला एकदा भेटायचंय.

तर एक्सक्लूजन (ही लायब्ररी नको असं सांगणारी ओळ) टाकून टाकून वॉर साफ केलं. तरी एरर तीच. मग काकांना फोन. काका म्हणजे क्लायंटकडचे सर्व्हरवाले, कॉलवर आम्ही त्यांना सर म्हणतो, म्यूट केलं की काका.

"सर, सर्व्हरमधली जेपीएची एक जार बदलता येईल का?"

"अहो मॅडम, त्याच सर्व्हरवर पगाराचं ॲप चालतं. महिनाअखेर आहे. तुमची जार टाकली आणि पगार अडकले तर लोक मला खालून वर येऊ देतील का?"

ह्यावर कोणाकडेच उत्तर नसतं. खरं सांगायचं तर काका बरोबर होते, असल्या माणसांमुळेच महिन्याच्या एक तारखेला लोकांच्या खात्यात पैसे दिसतात.

मग सर्व्हरला हात न लावता वॉरमधूनच औषध द्यायचं. औषध प्रत्येक सर्व्हरचं वेगळं, वेबलॉजिकला प्रेफर-ॲप्लिकेशन-पॅकेजेस, वाइल्डफ्लायला डिप्लॉयमेंट स्ट्रक्चरच्या फाइलमध्ये एक्सक्लूड, वेबस्फिअरला पेरेंट लास्ट, पण मतलब एकच, आधी आमच्या लिबमध्ये बघ मग वर जा. लीडने उत्साहाच्या भरात सरसकट सगळ्याच पॅकेजेसना ते लावलं. आणि इंडेक्सेसची एरर गेली! टीममध्ये चहा मागवला गेला. चहा यायच्या आत दुसरी एरर आली. क्लासकास्टएक्सेप्शन, म्हणजे हा क्लास तो क्लास म्हणून चालत नाही, आणि तो पण एक्सएमएल वाचायच्या लायब्ररीतला, डॉमफोरजे डॉट डॉक्युमेंटफॅक्टरी कॅनॉट बी कास्ट टू डॉमफोरजे डॉट डॉक्युमेंटफॅक्टरी.

परत वाचा. मी पण परत वाचलं होतं. जावामध्ये क्लासची ओळख नुसत्या नावाने होत नाही, नाव अधिक कोणत्या क्लासलोडरने आणला ते, असं मिळून होते. सर्व्हरने आणलेला डॉक्युमेंटफॅक्टरी वेगळा, वॉरमधून आलेला वेगळा, दोघांचं आडनाव, बापाचं नाव, गाव सगळं एक. तलाठी ऑफिसात नाही का, सातबाऱ्यावरचे गणपत बाबू शिंदे आणि आधारवरचे गणपत बाबू शिंदे ही एकच व्यक्ती असल्याचं स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र आणा म्हणतात, आणि गणपतराव स्वतः खिडकीसमोर उभे असतात. फरक इतकाच की तलाठ्याकडे प्रतिज्ञापत्र चालतं.

ते सरसकट काढलं, फक्त परसिस्टन्सच्या पॅकेजला लावलं. डॉमफोरजे शांत. आता हायबरनेटचा प्रोव्हायडर परसिस्टन्सप्रोव्हायडर नाहीये अशी तक्रार. म्हणजे काय झालं, तर मोठा सर्व्हर वॉर उघडल्या उघडल्या आत परसिस्टन्स डॉट एक्सएमएल ही जेपीएच्या सेटिंगची फाइल शोधतो, सापडली की खूश होऊन म्हणतो थांबा तुम्ही, मी करतो, आणि त्याच्या स्वतःच्या जुन्या इंटरफेसने आमचा नवीन प्रोव्हायडर उघडायला जातो. कोणी बोलावलं होतं ह्याला? आम्ही स्प्रिंग (ॲपचे भाग जोडून देणारं फ्रेमवर्क) वापरतो, आमचं आम्ही बघून घेतो. उपाय ऐकाल तर हसाल, फाइलचं नाव बदलायचं आणि स्प्रिंगला कानात सांगायचं की फाइल आता ह्या नावाने आहे. स्प्रिंग 3.1 पासून तर ती फाइल नसली तरी चालतं, पॅकेजचं नाव दिलं की एंटिटी (डेटाबेसच्या टेबलांशी जोडलेले क्लास) तोच हुडकून आणतो. एवढ्या मोठ्या एंटरप्राइज आर्किटेक्चरमध्ये आमचा तोडगा काय, तर सर्व्हरपासून फाइल लपवून ठेवायची.

इथे ॲप चालू झालं असतं तर बरं होतं. झालं नाही, परत टेबल डॉट इंडेक्सेस! तेव्हा मी ती एक ओळ टाकली जी खरं तर पहिल्याच एररला टाकायला पाहिजे असं मी आता प्रत्येक नवीन पोराला सांगते, टेबल डॉट क्लासचा प्रोटेक्शन डोमेन काढायचा, त्याचा कोड सोर्स, त्याचं लोकेशन, आणि लॉगमध्ये छापायचं. क्लास कुठल्या जारमधून आलाय त्याचा अख्खा पत्ता मिळतो. कोड बदलू देत नसतील तर जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या प्रोग्रामला) व्हर्बोज क्लास लावा, लॉग डोंगराएवढा होतो पण त्यात असतं. पत्ता आला तो भलताच, ना आमच्या वॉरचा, ना सर्व्हरच्या स्वतःच्या मॉड्यूलचा. सर्व्हरवरच्या सगळ्या ॲप्सच्या शेअर्ड लिबमध्ये एक फोल्डर, नाव टेम्प ओल्ड डू नॉट डिलीट, आणि त्यात कोणीतरी कधीतरी हाताने टाकलेली 2.0 ची जार, सर्व्हर चालू करायच्या स्क्रिप्टमध्ये क्लासपाथच्या (क्लास कुठे शोधायचे त्या यादीच्या) अगदी सुरुवातीला जोडलेली. आम्ही दिलेलं औषध तिथपर्यंत पोचतच नव्हतं.

"सर, हा फोल्डर कोणी केला?"

"मॅडम, मी जॉइन झालो तेव्हापासून आहे. त्यावर लिहिलंय ना, डिलीट करू नका म्हणून."

पगार झाल्यावर, रीतसर चेंज रिक्वेस्ट टाकून, काकांनी तो फोल्डर क्लासपाथमधून काढला. ॲप उठलं. पगाराचं ॲप पण उठलं, त्याला त्या जारशी काही देणंघेणंच नव्हतं.

आता क्लायंटने सर्व्हर नवीन घेतलाय, जकार्ताचा, म्हणजे जावा ईईच्या नव्या अवताराचा. ओरॅकलने 2017 मध्ये जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनला देऊन टाकायचं ठरवलं, पण जावाएक्स ह्या नावाने पुढे काही बदल करायचे तर त्यावर दोघांचं जमलं नाही, 2019 मध्ये तसं जाहीर झालं आणि 2020 च्या शेवटी जावाएक्स डॉट परसिस्टन्सचं जकार्ता डॉट परसिस्टन्स झालं. मला तर हे आवडलं, निदान नावं तरी वेगळी झाली, आता एकाच नावाचे दोन गणपतराव भांडणार नाहीत, जे तुटेल ते सरळ तुटेल. आमच्या लातूरच्या पोराने एका दमात सगळीकडे फाइंड-रिप्लेस मारलं, जावाएक्स काढून जकार्ता, आणि मग विचारायला आला, "ताई, डेटासोर्स का सापडेना?" अरे बाबा, तो जावाएक्स डॉट एसक्यूएलमधला, आणि ते जेडीकेचं, म्हणजे मूळ जावाचं, आहे, ते जकार्ताला गेलंच नाही. "मग कुठलं गेलं आणि कुठलं राहिलं ते कसं कळायचं?" तर कळत नाही, यादी लावावी लागते. यादी दिलीय त्याला, बसलाय.

काल काकांचा फोन होता, नवीन सर्व्हर तयार आहे, या डिप्लॉयला. म्हणलं सर, शेअर्ड लिबमध्ये काही नाही ना? काका म्हणाले, "छे छे, एकदम स्वच्छ आहे. फक्त तो जुना फोल्डर आणून ठेवलाय, असू दे, लागला तर."