दाखवायचे दात शाबूत

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा अर्थ कळायला साठी उलटावी लागली. माझे दाखवायचे दात सगळे शाबूत आहेत. खायचे मात्र रात्री डबीत, पाण्यात झोपतात.

खालच्या जबड्यातल्या दोन्हीकडच्या दाढा एकेक करून गेल्या. पुढचे दात पडले असते तर लोक निदान हळहळले तरी असते. बोळकं झालेल्या माणसाला मऊ घास आपणहून वाढतात. मला मात्र ‘जेवत का नाही?’ असं विचारतात. मी कसनुसं हसतो, त्यांना पुढची अख्खी रांग दिसते आणि विषय मिटतो.

डॉक्टरांनी तोंडात डोकावून सांगितलं, ‘पहिला वर्ग.’ मला भरून आलं. जन्मात पहिला वर्ग मिळाला नव्हता. मग कळलं, की 1925 साली केनेडी नावाच्या दंतवैद्यानं तोंडातल्या रिकाम्या जागांचे चार वर्ग पाडले. दोन्हीकडच्या दाढा गेल्या आणि मागे टेकू द्यायला एकही दात उरला नाही, की तो पहिला. पडलेली अक्कलदाढ परत बसवायची नसेल तर ती हिशेबात धरत नाहीत. अकलेवाचून पहिला वर्ग!

माप घेताना समुद्री शेवाळापासून केलेला गारेगार लगदा तोंडात कोंबला. ‘नाकानं श्वास घ्या आणि पाय वर उचलून धरा,’ डॉक्टर म्हणाले. पायाचा दाताशी काय संबंध, हे विचारायला तोंड मोकळं नव्हतं. लक्ष पायाकडे गेलं की ओकारीचा उमाळा येत नाही म्हणे. मला दोन्ही आले, गोळा आणि उमाळा.

कवळी आली. मधे धातूची पट्टी, दोन्ही टोकांना गुलाबी हिरडीवर दाढा, आणि उरलेल्या दातांना धरायला इवलेसे आकडे. खरी मेख त्या मागच्या टोकांत आहे. पुढे दाताला अडकवलेली, मागे नुसती हिरडीवर टेकलेली. दात दाबला तर जेमतेम केसभर हलतो, हिरडी मात्र गादीसारखी खचते. त्यामुळे मागे घास चावला की मागचं टोक बुडतं आणि पुढची पट्टी उचलू बघते. एका घासात एक झोका. जेवण झालं की बागेतून खेळून आल्यासारखं वाटतं.

पहिले काही दिवस तोंडाला कवळी म्हणजे घासच वाटायचा. लाळ सुटायची, आणि जीभ चौकस शेजारणीसारखी त्या पट्टीला सारखी हात लावून यायची. ‘स’ म्हणायला जावं तर शिट्टी वाजे. मोठ्यानं वाचायचा सराव सांगितला होता, म्हणून मी रोज सकाळी पेपर वाचू लागलो. बायको म्हणाली, ‘अहो, मनात वाचा, बातम्या आधीच वाईट आहेत.’

हिरडीला एके ठिकाणी टोचायला लागलं. मी शहाणपणानं कवळी चार दिवस काढून ठेवली आणि मगच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बघितलं, हिरडी गुलाबाच्या पाकळीसारखी. ‘कुठं दुखतंय?’ काय सांगणार! तपासायला येण्याआधी काही तास घालून यायचं असतं. लाल वळ दिसला तरच तिथली कवळी घासता येते. शिवाय पेस्टनं घासायची नाही, ओरखडे पडतात; गरम पाण्यात टाकायची नाही, वाकडी होते; आणि चावून बसवायची तर मुळीच नाही. हे शेवटचं मी रोज करतो.

परवा जेवताना पुन्हा टोचली म्हणून काढून कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली. आवराआवर झाली. रात्री डबी उघडतो तर नुसतं पाणी. मग मी, बॅटरी आणि कचऱ्याचा डबा. तळाशी हाताला आकडा टोचला, आणि त्या टोचण्याचा पहिल्यांदाच आनंद झाला.

‘सापडली का?’ बायको दारात उभी.

मी कवळी उंच धरून तोंडभर हसलो.

‘ते नका दाखवू,’ ती म्हणाली, ‘ते होतेच.’