वाळूजकर दादांना उत्तर: फ्रेम आधी उघडी का केली

वाळूजकर दादा,

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली तेव्हा राग आला होता. सकाळी परत वाचली तेव्हा लक्षात आलं की त्यात रागापेक्षा काळजी जास्त आहे. म्हणून दोन ओळींत आभार मानून सोडून देण्याऐवजी सविस्तर लिहितोय.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. आमच्या अण्णांच्या 1992 च्या यामाहा आरएक्स हंड्रेड मोटरसायकलची फ्रेम मी औशात घरच्या अंगणात घासून रंगवली, त्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की पोळ्याला बैलाची शिंगं रंगवावीत तशी ही चेसी रंगवली आहे. तुम्ही 22 वर्षं वाळूजला पावडर कोटिंगच्या (लोखंडावर रंगाची पावडर चिकटवून ती भट्टीत भाजायच्या) लाइनवर काढलीत. तुमच्या मते ब्लास्टिंग (कणांच्या माऱ्याने जुना रंग आणि गंज काढणं), धुण्याच्या सात टाक्या, भट्टी, की दोन दिवसांत फ्रेम हातात. मी मात्र तीन आठवडे घासत बसलो. पुढच्या पाइपचा पोचा लांबी (पुट्टी) न भरता तसाच ठेवला. रेड ऑक्साइड प्रायमरवर (रंगाआधीच्या साध्या गंजरोधक हातावर) भागलं असतं तिथं इपॉक्सी प्रायमरवर पैसे घातले. आणि तोंडाला नुसता रुमाल बांधून टू-के रंग (हार्डनर मिसळून फवारायचा) मारतानाचा फोटो टाकून पोरांना चुकीचं शिकवलं.

शेवटच्या मुद्द्यावर मला काहीच बाजू मांडायची नाही. तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकलो. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास थिनरसारखा नाकात भरत नाही, त्यामुळे माणसाला वाटतं की काही होत नाहीये. पण फवाऱ्यातून ते छातीत गेलं आणि एकदा का शरीराने त्याचं वावडं धरलं की दमा लागतो, आणि मग नुसत्या हुंगण्यानेही धाप लागते. रुमाल, कोरोनातला मास्क, एन-95, यातलं काहीही ती वाफ अडवत नाही. बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा मास्क लागतो, तो माझ्याकडे नव्हता. अंगण मोकळं आहे, वारा आहे, असं मी स्वतःला समजावलं होतं. तो फोटो आजच काढून टाकला आणि लेखाच्या सुरुवातीलाच ठळक अक्षरांत लिहिलं की घरी टू-के फवारू नका. हार्डनर नसलेला साधा इनॅमल ब्रशने लावा, नाहीतर बूथ (रंग फवारायची बंदिस्त खोली) असलेल्या पेंटरकडे द्या. लेख वाचून कुणी रंग फवारायची गन विकत घेतली असेल तर त्यांनी कृपया हा परिच्छेद आधी वाचावा.

आता शिंगांचं. दादा, तुमच्या-माझ्या भागात पोळ्याला शिंगं रंगवतात ती शेवटी. आदल्या दिवशी खांदेमळणी असते. तूप-हळदीचा हात बैलाच्या खांद्यावरून फिरवायचा, आणि त्या हातालाच कळतं की जू कुठं घासलंय, खांदा आलाय का, गाठ धरलीय का. आमचे आजोबा वर्षभर बैलामागे असायचे, पण खांद्याची खरी अवस्था त्यांना त्या संध्याकाळी कळायची. फ्रेम घासायला मला तीन आठवडे लागले ते ह्या कामात. रंगाला दोन सकाळी पुरल्या.

काय सापडलं ते मूळ लेखात मी एका वाक्यात उरकलं होतं, ती माझी चूक. इथं नीट सांगतो. साइड स्टँडची पट्टी जिथं खालच्या पाइपला वेल्ड केलेली आहे, तिथं रिमूव्हरने रंग सोडवला आणि तारेच्या ब्रशने लोखंड पांढरं केलं. डोळ्यांना काही दिसेना. नखाला काही लागेना. तरी तिथं डिझेलचा हात दिला, अर्धा तास मुरू दिलं आणि सुती फडक्याने पुसून पुसून कोरडं केलं. मग अण्णांचा शाळेतला खडू घेऊन सगळ्या जोडावर घासला. पांढरा थर बसला. चहा घेऊन परत आलो तर त्या पांढऱ्यात वेल्डच्या कडेकडेने केसासारखी एक काळसर ओली रेघ उमटली होती, नखाएवढ्या लांबीची. बोटाने पुसली, परत खडू लावला, परत तिथंच आली. तडीत शिरलेलं डिझेल खडू बाहेर ओढून घेत होता. तेल आणि खडूची ही युक्ती फार जुनी आहे, रेल्वेच्या कारखान्यांत आसांच्या तडा अशाच शोधत असत.

तड तिथंच का, हेही मग उलगडलं. अण्णा गाडी साइड स्टँडवर लावून, तिच्यावर बसून, तिरकी असतानाच किक मारायचे. तीस वर्षं प्रत्येक किकचा झटका त्या एका जोडाने खाल्ला. वेल्डरने तडीच्या टोकाला बारीक छिद्र पाडलं म्हणजे ती पुढं सरकू नये, ग्राइंडरने खाच उघडली आणि नव्याने वेल्ड भरला. घरी आणून मी परत डिझेल आणि खडू. थर पांढराच राहिला, तेव्हा प्रायमरचा डबा उघडला.

तुम्ही म्हणाल, ब्लास्टिंग केल्यावरही लोखंड उघडंच असतं की. असतं. पण कणांच्या माऱ्याने वरचं लोखंड ठोकल्यासारखं दबतं आणि बारीक तडीचं तोंड मिटतं. तड आत तशीच राहते, दिसत मात्र नाही. म्हणूनच तडा तपासायच्या असतील तर ते काम ब्लास्टिंगच्या आधी करायचं असतं. तुमच्या लाइनवर रोज नवेकोरे पार्ट येतात, त्यांना हा प्रश्न नाही. माझ्याकडे तीस वर्षं मराठवाड्यातल्या रस्त्यांवर फिरलेली फ्रेम होती.

पावडर कोटिंग वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. मूळ लेखात सूर तसा लागला असेल तर तो मागे घेतो. 180 ते 200 अंशांत भाजलेला तो थर खडी खाण्याच्या बाबतीत माझ्या रंगापेक्षा सरस आहे, हे मान्य. माझ्या शंका तीन आहेत आणि तुम्ही जाणकार म्हणून त्यांची उत्तरं द्यावीत अशी इच्छा आहे. एक, पावडर विजेच्या भाराने चिकटते, त्यामुळे खोल कोपऱ्यात ती पोचायला कुरकुरते. हँडलच्या नळीमागची त्रिकोणी पट्टी, सीटखालची बेचकी, नेमका गंज जिथून सुरू होतो त्याच जागा. दोन, सात टाक्यांतलं आम्ल पाइपच्या भोकांतून आत गेलं आणि तिथंच राहिलं तर ते आतून खात बसतं. कंपनीच्या पार्टला ते धुवायची सोय असते, जुन्या फ्रेमच्या आत कोण बघतं? मी इथं एका छोट्या दुकानात चौकशी केली होती, तिथं तर टाक्याच नव्हत्या, थिनरच्या फडक्याने पुसून थेट पावडर मारत होते. तीन, चेसी नंबर. पावडरचा थर जाड बसला की ठोकलेले आकडे बुजतात. आमच्या गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, पुढचं 2027 ला आहे, आणि तिथं नंबरवर कागद धरून पेन्सिलने छाप घेतात. छाप उमटली नाही तर माणसाने काय सांगायचं? मी नंबरवर टेप लावून शेवटी एकच पातळ हात दिला. पावडर मारताना तेवढी जागा झाकून घ्या, हे प्रत्येकाने दुकानदाराला स्वतः सांगावं. आणि रंग बदलणार असाल तर तो आरसीवर चढवून घ्या. माझी काळी होती, काळीच ठेवली.

रेड ऑक्साइडचं उत्तर छोटं आहे. खिडकीच्या जाळीला उत्तम. त्यावर टू-के मारला की त्याचा कडक थिनर खालचा थर मऊ करतो आणि वरचा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. इनॅमल लावणार असाल तर रेड ऑक्साइड चालेल, खुशाल लावा. माझ्या रंगाखाली तो टिकला नसता.

एक गोष्ट मात्र तुमच्यासह कुणीच विचारली नाही, आणि आपल्या भागात तीच सगळ्यात जास्त रंग बिघडवते. पाणी. मागच्या वर्षी मी ह्याच गाडीचा मडगार्ड रंगवला होता. साबणाने स्वच्छ धुतला, उन्हात वाळवला, रंग आरशासारखा आला. पहिल्या पावसाळ्यात त्यावर मोहरीएवढे फोड आले. सुईने एक फोडला तर आत पाण्याचा थेंब आणि खाली गंजाचा ठिपका. रंगाला दोष दिला, डबा बदलला. नंतर बादलीच्या कडेला जमलेला पांढरा क्षार बघून डोक्यात प्रकाश पडला. आमचं बोअरचं पाणी पाचशे फुटांवरचं, बादली वाळली की पांढरी होते. तोच क्षार लोखंडावर वाळतो, रंगाखाली अडकतो आणि पावसाळ्यात हवेतली ओल रंगातून आत ओढून घेतो. 2016 ला ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथं कुणाला सांगू की गाडी गोड्या पाण्याने धुवा. पण फ्रेमला शेवटचं धुणं फिल्टरच्या जारमधल्या पाण्याने दिलं, एका जारमध्ये भागलं, आणि लगेच फडक्याने टिपून घेतलं, वाळू दिलं नाही. त्यानंतर उघड्या हाताने तिला शिवलो नाही. आत्ता अख्खा एक पावसाळा गेलाय, फोड नाही.

उन्हाचंही असंच. मे महिन्यात दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. थिनर गनमधून निघून फ्रेमवर पोचायच्या आत उडतो आणि रंग पिठासारखा कोरडा बसतो. म्हणून दोन्ही दिवस पहाटे सहाला सुरू करून साडेआठला थांबलो, वारा सुटायच्या आत.

पाइपच्या आतलं तुम्ही विचारलं नाही, पण टाक्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आत मी घाण्यावरचं जवसाचं तेल ओतलं, फ्रेम उलटीसुलटी फिरवली आणि जास्तीचं निथळू दिलं. जवस हवेत सावकाश वाळून चिवट पापुद्रा धरतो. तेल पुसलेली फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा, नाहीतर बाहेर मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा.

राहिला पुढच्या पाइपचा पोचा. तुम्ही त्याला आळस म्हणालात, ते मला लागलं.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे भूकंप झाला तेव्हा अण्णा औशातच होते. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. उजाडायच्या आत ते ह्या गाडीवर तिकडे निघाले, मागे दोर, कुदळ आणि पाण्याचे दोन कॅन बांधून. गल्ल्या राहिल्याच नव्हत्या, दगडी भिंतींचे ढीग होते. तिथंच कुठंतरी हा पाइप दगडावर आदळला. पुढचे आठ-दहा दिवस गाडी तशीच चालली. अण्णा त्या दिवसांबद्दल फार बोलत नाहीत. मी फ्रेम घासत होतो तेव्हा खुर्ची आणून शेजारी बसले होते. पोच्यावरचा रंग निघाला तेव्हा त्यांनी अंगठा त्यात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "हे राहू दे."

मला एवढंही पुरलं असतं. पण तुम्ही तंत्राचे माणूस आहात म्हणून तेही सांगतो. पोचा उथळ आहे, पाइपला घडी पडलेली नाही. खडू लावून तड नाही ना ते बघितलं. चाकं बसवल्यावर दोन्ही अंगांनी दोरी ताणून फ्रेम वाकडी नाही याची खात्री केली. घडी असती तर पाइप बदलला असता, अण्णांनी काहीही म्हटलं असतं तरी. आणि लांबी भरायचीच नव्हती. टू-स्ट्रोकच्या थरथरीने ती कडेने सुटते, फटीत पाणी शिरतं, आणि वरून गुळगुळीत दिसत असताना खाली पाइप कुजतो. तुमच्या भट्टीतही लांबी टिकली नसती, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे.

आता माझी एक विनंती. मागचा चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) मी अजून रंगवलेला नाही. घासून, खडू फिरवून, जारच्या पाण्याने धुऊन, तेलाचा पुसट हात देऊन बारदानात गुंडाळून ठेवलाय. तड नाही. तुमचं म्हणणं वाचल्यावर घरी परत गन धरायची नाही असं ठरवलंय, त्यामुळे हा पावडरलाच द्यावा म्हणतो, आणि तुमच्यासारख्या माणसाच्या नजरेखाली झाला तर जास्त बरं. बुश बसतात ती दोन भोकं आणि ब्रेक रॉडचा आटा झाकावा लागेल. भट्टीत टिकणारी सिलिकॉनची बुचं तुमच्याकडे असतात का, की मापं घेऊन मी इथूनच करवून आणू? आणि चिमट्याच्या आडव्या नळीच्या आतल्या कोपऱ्यात पावडर पोचेल का? नसेल पोचत तर तिथं आधी इपॉक्सी ब्रशने लावून आणला तर तो भट्टीची उष्णता सोसेल का, तेवढं इथंच खाली लिहा. म्हणजे बाकीच्यांनाही कळेल.