वाडा थंड असतो, आवार नव्हे

उन्हाळा आला की पुण्यातल्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा : पुण्याला उन्हाळा नवा नाही, जुन्या वास्तू मुळातच थंड असतात, झाडांची मुळे पाया उखडतात, आणि म्हणून ऐतिहासिक वास्तूंच्या आवारात सावलीची किंवा पाण्याची नवी सोय करणे म्हणजे वारशाशी छेडछाड, जी कायद्यालाही मान्य नाही. लिहिणाऱ्याची वास्तूंविषयीची कळकळ खरी वाटते, पण विधाने मात्र एकेक करून तपासावी लागतील.

उन्हाळा नवा नाही, या पहिल्या विधानाला आधार आहे तो ३० एप्रिल १८९७ या दिवसाचा. त्या दिवशी पुण्यात ४३.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि २८ एप्रिल २०१९ रोजी पारा ४३ अंशांपर्यंत चढूनही तो उच्चांक मोडला नाही, हे खरे आहे. पण एका दिवसाच्या उच्चांकावरून हवामानाचा कल ठरत नाही. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० सालच्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले आहे. शिवाय १८९७ सालच्या पुण्यात वाड्यांभोवती माती होती, परसात झाडे होती. आज त्याच जागी जमिनीवर सिमेंटचे ठोकळे (पेव्हर ब्लॉक) बसवलेले आहेत. म्हणजे पारा तोच असला, तरी पायांखालची जमीन ती राहिलेली नाही.

जुन्या वास्तू मुळातच थंड असतात, हे दुसरे विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच त्याचा घोटाळा अधिक. जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषते, त्यामुळे आतली खोली दुपारी गार राहते. मात्र शोषलेली उष्णता भिंत कुठेतरी सोडतेच, आणि सूर्य मावळल्यावर ती आवारातही उतरते. काळा पाषाण या बाबतीत फार प्रामाणिक आहे : दिवसभर घेतलेले ऊन तो रात्री परत करतो. पूर्वी ही उष्णता घालवण्याची व्यवस्था वाड्याच्या रचनेतच होती. चौक वर मोकळा, भोवती सोपा (ओसरी) आणि पडवी, मध्ये हौद किंवा आड, तिन्हीसांजेला जमिनीवर सडा आणि रात्री उघडी दारे-खिडक्या. ही सगळी माणसांची रोजची कामे होती. आज वाड्याला चहूबाजूंनी उंच इमारती बिलगल्या आहेत, एसीची गरम हवा चौकात येते, आणि सडा घालणारे कोणी उरलेले नाही. त्या रोजच्या कामांचे श्रेय नुसत्या भिंतींना देऊन कसे चालेल?

उंच तटाची सावली पुरते, असेही त्या मजकुरात म्हटले आहे. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे १३ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या भिंतीची सावली तिच्या पायाशीच संपते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर, म्हणजे उत्तरेच्या बाजूला, डिसेंबरच्या दुपारी तटाची चांगली सावली मिळते. मे महिन्यात, जेव्हा तिची गरज असते, तेव्हा ती नसते. शाळेच्या सहलीतली मुले त्या वेळी तिकीटखिडकीपाशी कशी ताटकळत असतात, ते एकदा जाऊन पाहावे.

झाडांविषयीचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. पिंपळ, वड आणि उंबर यांचे बी पक्ष्यांमार्फत भिंतीच्या सांध्यात पडते, रुजते आणि काही वर्षांत दगड फाकवते. ती रोपे वेळेवर काढलीच पाहिजेत. पण भिंतीत उगवलेला पिंपळ आणि भिंतीपासून पुरेशा अंतरावर मातीत लावलेला करंज हे एकच प्रकरण नव्हे. खरा प्रश्न झाडाच्या निवडीचा आहे, आणि तिथे आपण शोभेच्या मोहात पडतो. बहावा एप्रिल-मेमध्ये सोन्याचे झुंबर होतो खरा, पण त्याच सुमारास त्याची बहुतेक पाने गळालेली असतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचीही पाने ऐन उन्हाळ्यात विरळ असतात आणि फांद्या ठिसूळ. याउलट बकुळ बारमाही हिरवी असते, आणि कडुनिंब व करंज यांना उन्हाची तलखी वाढते तेव्हा नवी पालवी आलेली असते.

‘मूळ रूप जपा’ हा आग्रह तर शनिवारवाड्यापुरता स्वतःच्याच पायात येतो. १८२८च्या आगीत आतले मजले जळाले. जोत्यांभोवती आज दिसणारी हिरवळ पेशवाईतली नव्हे, ती नंतरची सजावट आहे. ती पाणी भरपूर पिते आणि सावली कणभरही देत नाही. पेशवाईतले जे खरोखर होते, ते पाणी : नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळाने शहरात आणलेले, पेठापेठांतल्या हौदांत खेळवलेले आणि सोळा पाकळ्यांच्या हजारी कारंज्यात उडवलेले. फडके हौद, काळा हौद ही नावे आपण आजही पत्ता सांगताना घेतो, पण आवारात हौद असावा असे कोणी म्हटले की ती छेडछाड ठरते!

कायद्याबद्दल थोडक्यात. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८च्या कायद्यातील २०१० सालच्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई केली आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियमन आणले. हा निर्बंध बांधकामाचा आहे, सावलीचा नव्हे. प्रत्यक्ष स्मारकाच्या हद्दीत पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय खणू नये, हे योग्यच आहे, कारण मातीखाली जुनी जोती असू शकतात. पण खड्डा न घेता, वजनदार बैठकीवर उभी राहणारी आणि पावसाळ्यापूर्वी उतरवता येणारी कापडी छते हा मार्ग खुला आहे. ऐतिहासिक उद्यानांसाठीची १९८२ची फ्लॉरेन्स सनद तर बाग ही जिवंत वास्तू आहे, म्हणजेच नाशवंत आणि पुन्हा लावता येणारी आहे, असे मानूनच पुढे जाते.

त्या मजकुरात पावसाचा उल्लेखही नाही, आणि मला तीच त्याची सर्वांत मोठी उणीव वाटते. पुण्यातल्याच पाषाण भागातील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले की मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. सिमेंटच्या ठोकळ्यांनी झाकलेले आवार असे पाणी मुरू देत नाही. ते जोत्याशी साचते, दगडांमधल्या चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे सांध्यांतून, वर चढते आणि भिंतीला लोणा (क्षारांचा थर) धरतो. मग त्या दर्जा सिमेंटने बुजवल्या जातात, ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून ठोकळे काढून त्या जागी मातीच्या सांध्यांची दगडी फरशी घालावी, तिचा उतार भिंतीपासून दूर ठेवावा, आणि दर्जा भरताना सिमेंटऐवजी चुनाच वापरावा. या कामात वास्तूच्या एकाही मूळ दगडाला हात लावावा लागत नाही.