बीडीडीची खोली पडायच्या आधी कागदावर उतरवा

मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत; ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या 556 कुटुंबांच्या हातात टॉवरमधल्या घरांच्या चाव्या पडल्या. 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांत, आणि संडास घरात. हे लोकांच्या हक्काचं होतं, फार उशिरा मिळालं. रात्री मजल्यावरच्या सार्वजनिक संडासात जायला बाईमाणसाला सोबत शोधावी लागायची, त्या दिवसांसाठी कुणी गळा काढू नये.

काळजी वेगळीच आहे: खोल्या पडल्या की त्यांत राहून गेलेल्यांची नोंद उरणार नाही. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा गिरण्यांना माणसं हवी होती आणि माणसांना डोक्यावर छप्पर नव्हतं. मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांच्या काळात, 1920 मध्ये, चाळी बांधायला बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, उभं राहिलं. खर्चासाठी कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसला. बेत 50,000 खोल्यांचा होता, झाल्या सोळा हजारांच्या वर. वरळीत 121 चाळी, नायगावला 42, ना. म. जोशी मार्गावर 32, शिवडीला 12. तळमजला अधिक तीन मजले, मजल्याला 20 खोल्या, चाळीला 80. आज या 80 खोल्यांबद्दल सरकारदरबारी जे उरणार, ते म्हणजे नव्या घरासाठीची पात्रता यादी: खोली क्रमांक आणि भाडेकरूचं नाव.

गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या गड्यांनी मिळून घेतलेल्या, खोलीत पंधरा-वीस जण राहायचे. एक पाळीवरून आला की दुसऱ्याची वळकटी उचलली जायची. भिंतीला ओळीनं ट्रंका, वर खुंट्यांवर सदरे. यादीत ती खोली एका ओळीची. खानावळ चालवणारी बाई, तिच्याकडे महिन्यानं जेवणारे, पोटभाड्यानं राहून गेलेले, बाळंतपणाला आलेल्या लेकी, यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. म्हणून आठवणी गोळा करायच्या तर या बिननावाच्या माणसांपासून सुरुवात करा. ‘किती छान शेजारधर्म होता’ असल्या पोस्टींनी त्यांच्यातलं एकही माणूस परत सापडत नाही.

काम खोलीपासून सुरू करा. साधा आलेख कागद घ्या, 1 सेंटीमीटर म्हणजे 1 फूट. 160 चौरस फुटांची खोली ए-फोर कागदावर आरामात बसते. चारी भिंती मोजा, मग दोन्ही कर्ण मोजा, नाहीतर आकृती कोपऱ्यात जुळत नाही. मोरी, तिचा उतार कुठल्या बाजूला, पाण्याचं पिंप, ओटा, देव्हारा, पोटमाळा आणि त्याची जमिनीपासूनची उंची, दार कुठे उघडतं, हे सगळं दाखवा. मग त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि हीच खोली 1975 साली कशी होती ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून काढायचं. दुसरा ट्रेसिंग 1995 चा. एकावर एक ठेवले की कॉट कधी आली, स्टोव्हच्या जागी गॅस कधी आला, पोटमाळ्यावर कोणत्या भावाचा संसार थाटला, ते डोळ्यांना दिसतं.

हा नकाशा मुलाखतीतही समोर ठेवा. ‘तेव्हा कसं होतं हो?’ असं विचारलं की सगळे एकच ठरावीक उत्तर देतात. त्याऐवजी नकाशावर बोट ठेवायला सांगा: रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा कुठे झोपायचा? तेव्हा पोरं कुठे जायची? पाणी किती वाजता यायचं, पहिली कळशी कुणाची? माणूस बोट सरकवत बोलू लागतो आणि शेजारच्या खोलीत शिरतो.

सालं हमखास चुकतात. तारीख विचारू नका, प्रसंगाशी बांधा: 1972 च्या दुष्काळातली मिलो ज्वारी, 1974 ची वरळीची दलित पँथर-शिवसेना दंगल, 1982 चा गिरणी संप, 26 जुलै 2005 चा पाऊस. ‘संपाच्या आधी की नंतर?’ या एका प्रश्नाला गिरणगावात जवळपास प्रत्येकाकडे खात्रीचं उत्तर असतं. दंगलीबद्दल मात्र निळ्या झेंड्याच्या चाळीत आणि समोरच्या चाळीत वेगळं ऐकायला मिळेल. दोन्ही लिहून ठेवा, जुळवायला जाऊ नका.

बायकांशी दुपारी दोन ते चारमध्ये बोला, घरातले पुरुष नसताना. सासरा समोर बसला असेल तर सून ‘तेच सांगतील’ म्हणून गप्प राहते, आणि पाण्याचा, रेशनचा, आजारपणाचा सगळा हिशेब तर तिच्याकडे असतो.

रेकॉर्डिंग फोनवर चालतं, पण पंखा बंद करा. पंख्याची घरघर ऐकताना कानाला जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये अर्धे शब्द खाते. फोन एअरप्लेन मोडवर, घडी केलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा. सुरुवातीला चाळ, मजला, खोली, तारीख आणि ‘हे इतरांना ऐकवलं तर चालेल का’ या प्रश्नाचं उत्तर, हे त्यांच्याच आवाजात घ्या. पाऊण तासाच्या वर ताणू नका, थकलेला माणूस हो ला हो करतो.

जुनी भाडेपावती, रेशनकार्ड, गिरणीचा पास ज्यांचे त्यांच्याकडेच राहू द्या. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा. लॅमिनेशन अजिबात नको, कागद पुन्हा मोकळा होत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की बारीक अक्षरं जातात, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फाइलचं नाव चाळ-मजला-खोली-साल असं द्या. एक प्रत चाळीच्या मंडळाच्या संगणकावर, एक ऑनलाइन, एक पेन ड्राइव्हवर आणि तो दुसऱ्याच घरात.

पॅसेजचे फोटो दोन्ही टोकांकडून हवेत, खोलीचे चारी कोपऱ्यांतून, आणि प्रत्येकात खडूनं क्रमांक लिहिलेली पाटी. हे सामान हलवायच्या आधीच करा. रिकाम्या खोलीच्या फोटोत फक्त ओल आलेली भिंत दिसते.

नव्या टॉवरमधली घरं सोडतीनं मिळतात. पॅसेजमध्ये समोरासमोर पन्नास वर्षं काढलेली दोन घरं आता पंधरा मजल्यांच्या अंतरावर असू शकतात. मंडळांनी आत्ताच एक वही करावी: डाव्या रकान्यात जुना चाळ आणि खोली क्रमांक, उजव्या रकान्यात नवा मजला आणि घर क्रमांक, आणि मधला रकाना रुंद ठेवावा, त्या खोलीत राहून गेलेल्या सगळ्यांच्या नावांसाठी.