म्हैस ऑनलाइन दाखवायची रीत

भाऊ, म्हैस चारा सोडून बसली की तालुक्याच्या दवाखान्यात खेटे घालणं, नाहीतर १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करून फिरत्या पथकाची वाट पाहणं, हे आता जुनं झालं. खिशात मोबाइल आहे ना!

डॉक्टर मात्र असा गाठा, ज्याने तुमचा गोठा जन्मात पाहिला नाही. कुणी हटकलं तर कॅलिफोर्नियाचं नाव घ्या. तिथे १ जानेवारी २०२४ पासून जनावर प्रत्यक्ष न पाहता, थेट व्हिडिओवर तपासून औषध देता येतं. त्याच कायद्यात अँटिबायोटिकला १४ दिवसांची मर्यादा आहे, पुढचं हवं तर जनावर समोर तपासावं लागतं. तेवढं वाचायचं राहू द्या. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनचे, म्हणजे दुरून उपचार करायचे, नियम आले ते माणसांच्या डॉक्टरांसाठी. पण म्हैस काय परकी आहे? १९८४ च्या कायद्याने पशुवैद्यकाची नोंदणी लागते, तरी नोंदणी क्रमांक विचारू नका. बरं दिसत नाही.

नंदुरबारच्या मोलगी-धडगावकडे रेंज टेकडीवर आणि म्हैस खाली, अशी अडचण येईल. कालचा व्हिडिओ दाखवा. काल ती छान रवंथ करत होती.

कॉल लागला की डॉक्टर म्हणतील, "डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची कूस, दाखवा." तुम्ही शिंगं दाखवा. पोटफुगीत डावी भकाळी ढोलासारखी ताणते, टिचकी मारली की आवाज येतो, म्हणून ते बिचारे विचारतात.
"शेण कसं टाकते?"
"साहेब, ते सून बघते."
"मग सुनेला बोलवा."
"ती माहेरी गेली."
थर्मामीटर शेपटीखाली लावा म्हणाले, तर म्हशीच्या कानाला हात लावून "तापलीय" सांगा. मे महिन्यात जळगावात न तापलेलं काय असतं?

औषध आलं की पुढचं आपल्या हातात. म्हैस उठली की इंजेक्शनं बंद, उरलेली बाटली शेजारच्या गाईला. औषध दुधात उतरतं, अमुक दिवस दूध डेअरीला घालू नका म्हणाले, तर ते दूध घरी पिऊ नका, असं ऐका. दुखण्यावर डायक्लोफेनॅक सुचलं तर २००६ पासून ते जनावरांसाठी बंद आहे, असं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून. आता गिधाडंच दिसत नाहीत, मग घाबरायचं कुणाला?

लाळ गळतेय, गिळता येत नाही, ओरडून ओरडून आवाज बसलाय? घशात काही अडकलं असेल, घाला हात! डॉक्टर पलीकडून जिवाच्या आकांताने "हात घालू नका" ओरडतील, कारण पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेली म्हैस अगदी अशीच दिसते आणि रेबीज लाळेतून माणसाला होतो. तुम्ही आवाज बारीक करा.

शेवटी त्यांनी फी सांगितली, तर चकित व्हा. "साहेब, तुम्ही तर नुसतं बोललात!"