थर्मोस्टॅटच्या तारा ‘डायरेक्ट’ करण्याचा सल्ला मानू नका

बडोद्यातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. एसी थंड करत नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून कंप्रेसर चालू-बंद करणारा भाग, गेलेला असतो. त्याच्या दोन तारा जोडून तो कायमचा ‘डायरेक्ट’ करावा. हा उपाय विंडो, स्प्लिट आणि डक्टच्या एसीला सारखाच लागू पडतो. आणि रिमोटने एसी बंद केला की आत हात घालण्यात धोका नसतो, असे त्यात म्हटले आहे. शेवटचे विधान जिवावर बेतणारे असल्यामुळे त्याचाच विचार आधी केला पाहिजे.

रिमोट केवळ कंप्रेसर आणि पंखे थांबवण्याची आज्ञा देतो. २३० व्होल्टचा पुरवठा आतल्या सर्किट बोर्डापर्यंत पोहोचतच राहतो. रावपुरा किंवा दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या घरात भिंतीवरचे बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत असले, तर बटण बंद करूनही तारेत वीज राहते. म्हणून एमसीबी (मीटरपेटीतला त्या सर्किटचा संरक्षक स्विच) खाली करून, टर्मिनलवर वीज नाही याची मीटरने खात्री करून घेतल्याशिवाय झाकण उघडल्यावर आत बोट घालू नये. कपॅसिटरमध्ये, म्हणजे कंप्रेसरला सुरू व्हायला मदत करणाऱ्या वीज साठवणाऱ्या भागात, त्यानंतरही विजेचा साठा शिल्लक असू शकतो, त्यामुळे त्याच्या वाटेला घरच्या माणसाने जाऊच नये.

एसी थंड करत नाही म्हणजे थर्मोस्टॅट बिघडला, हे निदानही घाईचे आहे. कंप्रेसर चालू असूनही हवा गार येत नसेल, तर थर्मोस्टॅटने आपले काम केलेलेच असते. तेव्हा धुळीने भरलेला फिल्टर, बाहेरची तुंबलेली कॉइल किंवा गॅसची गळती यांकडे पाहावे. कंप्रेसर गुणगुणून बंद पडत असेल, तर बहुधा कपॅसिटर कमजोर झालेला असतो. पंखा फिरतो पण कंप्रेसर सुरू होण्याचा प्रयत्नही करत नाही, अशा वेळी थर्मोस्टॅटवर संशय घेणे रास्त ठरते.

‘डायरेक्ट’ करण्याच्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. नॉबच्या विंडो एसीत थर्मोस्टॅट हा कंप्रेसरच्या वाटेवरचा साधा स्विच असतो, आणि मेकॅनिक तपासणीपुरत्या त्याच्या तारा क्षणभर जोडून पाहतात. मात्र तो जोड कायम ठेवला की कंप्रेसर थांबतच नाही. पावसाळ्यातल्या दमट रात्री कॉइलवर बर्फ साचतो, हवा अडते, आणि वाफ दाबण्यासाठी बनवलेल्या कंप्रेसरकडे द्रवरूप गॅस परतू लागतो. माझ्या मावशीच्या घरी असाच ‘डायरेक्ट’ केलेला एसी रात्रभर चालला आणि सकाळी बर्फ वितळून पाणी थेट गादीवर आले. खरी तपासणी वेगळी आहे. वीज तोडून थर्मोस्टॅटच्या तारा सोडवाव्यात, नॉब सर्वांत थंड बाजूला फिरवावा आणि मीटरने सातत्य, म्हणजे त्या दोन टोकांमध्ये विजेची वाट जोडलेली आहे का, हे पाहावे. गरम खोलीत संपर्क जोडलेला दिसला पाहिजे, आणि थर्मोस्टॅटच्या वायू भरलेल्या बारीक नळीचे टोक (बल्ब) बर्फाच्या पाण्यात धरल्यावर संपर्क तुटला पाहिजे. ती नळी मुडपून आतला वायू निघून गेला असेल, तर संपर्क जुळतच नाही. मग थर्मोस्टॅट बदलणे एवढाच उपाय उरतो.

स्प्लिटमध्ये असा स्विचच नसतो. तिथे थर्मिस्टर असतो, ज्याचा रोध तापमान वाढले की कमी होतो. २५ अंशांना तो पुष्कळ मॉडेलमध्ये ५ किंवा १० किलोओहम असतो. त्याच्या तारा जोडल्या की बोर्डाला रोध शून्य दिसतो, तो सेन्सर बिघडल्याचे समजतो आणि एरर दाखवून एसी थांबवतो.

डक्टच्या एसीबाबतचा गोंधळ सर्वांत घातक आहे, कारण तो अमेरिकी व्हिडिओंवरून आलेला दिसतो. तिथल्या घरांत थर्मोस्टॅट २४ व्होल्टवर चालतो, त्याच्या टर्मिनलांवर अक्षरे असतात (‘आर’ म्हणजे वीज येणारे, ‘वाय’ कंप्रेसरचे, ‘सी’ परतीचे), आणि ‘आर’ला ‘वाय’ जोडून कंप्रेसर तपासता येतो. तरीही चुकून ‘आर’ला ‘सी’ लागला तर फ्यूज जातो किंवा ट्रान्सफॉर्मर जळतो. आपल्याकडे भिंतीवरच्या पुष्कळ थर्मोस्टॅटमध्ये थेट २३० व्होल्ट येतात. शिवाय तिथे हिरवी तार पंख्याची आणि पिवळी कंप्रेसरची असते, तर आपल्या घरांत हिरवी तार अर्थिंगची असते आणि पिवळ्या तारेत फेज असू शकतो. त्यामुळे रंगावर विसंबून एकही तार हलवू नये. वीज तोडल्यावर प्रत्येक तार कोणत्या टर्मिनलला आहे याचा आधी मोबाइलवर फोटो काढावा, तारेला त्या अक्षराची चिठ्ठी चिकटवावी आणि मगच स्क्रू सैल करावा.