सशांचं सोवळं

सशापासून सशाला वाचवायचं काम माझ्या पत्रिकेत लिहिलंय, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी मुकाट्याने पुण्यातच राहिलो असतो.

आम्ही राहतो इंग्लंडात, नॉरफोकमधल्या थेटफर्डला. इथली जमीन रेताड, भुसभुशीत, बिळं करायला एक नंबर. ससे मुळात इथले नव्हतेच. बाराव्या शतकाच्या सुमाराला नॉर्मन लोकांनी ते मांस आणि कातडीसाठी आणून पाळले. तेव्हा ससा म्हणजे श्रीमंतांची चैन. गावाबाहेरच्या रानात अजून एक दुमजली दगडी गढी उभी आहे. इथल्या मठाने ती १४०० च्या आसपास बांधली, सशांवर पहारा देणाऱ्या राखणदारासाठी. म्हणजे सशांपायी झोप उडालेला या गावातला मी काही पहिला नव्हे. फक्त त्या गड्याला पगार मिळत असणार.

आमचे ससे दोन. जिलबी तांबूस आणि मठ्ठा पांढरा. नावं मुलांनी ठेवली, भारतातल्या एका लग्नाची पंगत जेवून आल्यावर. दोघांचंही ऑपरेशन झालेलं, तेव्हा बाहेरच्यांशी सोयरीक जुळायची धास्ती नाही. धास्ती रोगांची. आपल्या माळावरचा ससा वेगळा, तो बिळं करत नाही. पण इथले रानटी आणि आमचे लाडावलेले एकाच जातीचे, त्यामुळे दुखणीही सामाईक. मिक्सोमॅटोसिस नावाचा रोग १९५३ साली ब्रिटनमध्ये शिरला आणि दोन-तीन वर्षांत देशातले बहुतेक रानससे साफ झाले. तो पिसवा आणि डास पसरवतात. दुसरा रक्तस्रावाचा रोग, तो १९९२ पासून इथे आहे. त्याचा विषाणू बुटाच्या तळव्याला चिकटूनसुद्धा घरात येतो. लस आहे, दरवर्षी टोचून घेतो. पण ‘लस दिली म्हणून गाफील राहू नका,’ असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आणि माझ्या सोवळ्याला सुरुवात झाली.

बागेतले बूट वेगळे, सशांकडे जायचे वेगळे. शिवण्याआधी हात धुवायचे. कुंपणाकडचं गवत कितीही कोवळं असलं तरी तोडायचं नाही, कारण तिथे रानटी मंडळी बसून गेलेली असतात. लहानपणी आजी ओलेत्याने स्वयंपाक करायची आणि मी शाळेतून आलो की ‘शिवू नकोस रे मेल्या’ म्हणून ओरडायची. मी तिच्याशी तावातावाने भांडायचो. परवा शेजारचा पोरगा कौतुकाने जिलबीला कुरवाळायला आला, तर माझ्या तोंडून अगदी त्याच पट्टीत ‘डोन्ट टच!’ निघालं. बिचारा दोन पावलं मागे सरला.

जाळीचं प्रकरण तर विचारूच नका. भोक ३१ मिलिमीटरच्या वर चालत नाही, नाहीतर पिल्लं आत घुसतात. जमिनीवर ९० सेंटीमीटर उंची हवी आणि बुडाची १५ सेंटीमीटर जाळी बाहेरच्या अंगाला वळवून पुरायची. ससा खणतो तो जाळीच्या अगदी बुडाशी. खाली पुन्हा जाळी लागली की वैतागतो, पण दोन पावलं मागे सरकून खणावं हे त्याला सुचत नाही. (आमच्या ऑफिसात अशी बरीच मंडळी आहेत.) शिवाय नाकाला नाक लागू नये म्हणून आत दुसरी जाळी, मध्ये वीतभर मोकळी जागा. मी गुडघ्यांवर बसून हे सगळं पुरत असताना एक रानटी गृहस्थ हाताच्या अंतरावर बसून माझी कोथिंबीर खात होते. देठापासून सुरुवात, पान शेवटी. मठ्ठ्याने मागचा पाय धप्पकन आपटून धोक्याची सूचना दिली आणि कर्तव्य संपल्यागत आडवा झाला. जिलबी मात्र जाळीपाशी जाऊन कान टवकारून बसली. घरच्यांनी नको म्हटलेल्या स्थळाकडेच पोरीचं लक्ष!

राहिले डास. इथे मिळणारी बारीक जाळी महाग वाटली, म्हणून जूनमध्ये आई आली तेव्हा तिच्याकडून मच्छरदाणी मागवली. आईला वाटलं नातवंडांना हवी. ती मी खुराड्यावर ताणून बांधली तेव्हा आई बराच वेळ काही बोललीच नाही. मग दुहेरी जाळी, वेगळे बूट, साबणाची बाटली, सगळं निरखून म्हणाली, “सासूबाई असत्या तर तुला जवळ बसवून जेवायला वाढलं असतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर खुराड्याच्या सपाट छतावर, मच्छरदाणीच्या आत, धुतलेलं धोतर अंथरलेलं आणि त्यावर सांडग्यांच्या ओळी.

“आई, हे काय?”

“अरे, ऊन आहे, माशी नाही, कुणी शिवत नाही. अख्ख्या घरात एवढी सोवळ्याची जागा दुसरी आहे का? आणि ते बूट बदल आधी, इकडे येऊ नकोस.”

रानससे सांडग्यांना ढुंकून विचारत नाहीत. कबुतरांनी मात्र मच्छरदाणीला एका कोपऱ्यात भोक पाडलंय, त्यामुळे सध्या ऑफिसचे कॉल मी बागेतूनच घेतो, हातात काठी घेऊन.